वाढीव बंद

६ ऑक्टोबर, बुधवार

झालं! पायलट संघटनेत ठराव मंजूर. उद्यापासून कुणीही वाढीव द्यायची नाही.

हात वर करताना बाकीच्यांनी आजूबाजूला बघून घेतलं. मी नाही बघितलं. ठराव मांडणारी मीच, मी कुणाकडे बघणार? खोली लहान, खुर्च्या कमी, निम्मे पायलट भिंतीला टेकून उभे. त्यातले दोघं उभ्या उभ्या पेंगत होते. अध्यक्ष म्हणाले, "या दोघांना असंच उचलून कंपनीत नेऊ, वेगळं बोलायची गरजच नाही." सगळे हसले. ते दोघं सोडून.

वाढीव म्हणजे काय ते इथे एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे चिडल्यावर माझं मलाच कळेल की भांडतेय कशासाठी. पायलटच्या ड्यूटीला तासांची मर्यादा असते. ती संपली की विमान उडवायचं नाही. पण वादळ आलं, बिघाड झाला, असं अचानक काही उपटलं, तर कॅप्टन आपणहून थोडा वेळ वाढवून देऊ शकतो. आपणहून! सक्ती कुणी करायची नाही. नियम चांगलाच आहे. कधीतरी लागणारच. आमच्या कंपनीने ते रोजचंच करून टाकलं. ड्यूट्या इतक्या आवळून बांधतात की कुठे जरा उशीर झाला की वाढीव लागलीच. मग ड्यूटी खात्यातून फोन — "कॅप्टन, वाढीव देता का?" दिली तर ठीक. नाही म्हटलं की पुढचा महिनाभर पहाटेच्या ड्यूट्या मानेवर.

आणि ते फोन करायला खात्यात जी चार-पाच माणसं बसतात त्यातला एक कोण? माझा नवरा!

घरी येऊन सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता. म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मला नाही म्हणणारी एकच बाई होती. आता तीनशे माणसं म्हणणार."

सासूबाई आतून — "कोण नाही म्हणतंय तुला?"

"सगळेच, आई."

"मग तू विचारूच नकोस ना!"

हसलो आम्ही. पण पातेलं तो नंतर बराच वेळ घासत बसला होता.


७ ऑक्टोबर

पहिला दिवस. अकरा विमानं जमिनीवर. कुणी फुटलं नाही. वाटलं नव्हतं.


९ ऑक्टोबर, शनिवार

आज सुट्टी. सुट्टी म्हणजे काय, स्टँडबाय. गणवेश इस्त्री करून खुर्चीवर, फोन हाताशी, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बोलावलं तर तासाभरात हजर. नाही बोलावलं तर त्या दिवसाचा पैसा नाही. शेजारीण म्हणते, "बरंय तुमचं, घरबसल्या!" तिला एकदा घरबसल्या दिवसभर बूट घालून बसवायला हवं.

लोकांना वाटतं पायलट म्हणजे गडगंज. आमचा ढापण्या बघावा त्यांनी. को-पायलट, पंचविशीतला, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. शिकण्यासाठी घेतलेलं कर्ज त्याच्या बापाच्या घरावर आहे. चौघांत एक खोली. पलंग दोन! पाळीपाळीने झोपतात. "मॅडम, आमचं रोस्टर कंपनीपेक्षा चांगलं आहे, आम्ही एकमेकांना झोपू देतो," म्हणतो. जीव आहे माझा त्या पोरावर.

पण पगार एक वेळ राहू दे. मला हवी ती झोप. विश्रांतीचे तास कंपनी विमानाचं दार उघडल्यापासून मोजते. आम्ही म्हणतो, हॉटेलच्या खोलीचं दार लागल्यापासून मोजा. मधला बसचा वेळ, चावीसाठी रांग, जेवायला काही मिळतंय का ते शोधणं — ही काय विश्रांती झाली? आणि सलग पहाटेच्या ड्यूट्या दोनच. आणि वाढीव फक्त खऱ्या अडचणीला. एवढंच मागणं आहे. चंद्र नाही मागत.

गेल्या महिन्यात घरी आले, बेल वाजवली, सासूबाईंनी दार उघडलं आणि मी त्यांना म्हटलं, "गुड मॉर्निंग, वेलकम ऑन बोर्ड." त्या म्हणाल्या, "आत ये आधी, मग कर स्वागत." त्यांनी ही गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली. मीही हसते ती ऐकून. पण त्याच दिवशी सकाळी, विमान उतरवताना, एक आकडा वाचला आणि दुसराच लावला होता. शेजारच्याने पकडला. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. विमानात दोन माणसं असतात ती याचसाठी. दोघंही तसेच दमलेले असले तर मग कोण पकडणार?


१२ ऑक्टोबर, मंगळवार

बोलणी, फेरी पहिली. कंपनीतर्फे गोडबोल्या. खरं नाव काय का असेना, आम्ही सगळे त्याला गोडबोल्याच म्हणतो. तो ओरडत नाही, आवाज चढवत नाही. पाण्याचा ग्लास स्वतः भरून पुढे सरकवतो आणि मग नाही म्हणतो.

आज मात्र हो म्हणाला! पगारवाढ देतो. चांगली, अंगभर. स्टँडबायचेही पैसे देतो. फक्त वाढीव आणि विश्रांतीचं राहू दे — "त्याचा आपण पुढच्या वर्षी सविस्तर अभ्यास करू."

अध्यक्षांचे डोळे लकाकले. मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर बूट दिला.

बाहेर आल्यावर जुंपली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, पोरांना पैसे हवेत. झोप काय, म्हातारपणी आहेच."

मी म्हटलं, "म्हातारपणापर्यंत पोचायला नको का?"

मग एकाने टोला हाणलाच — "तुमचं काय मॅडम, तुमच्या घरात दोन पगार." आणि दुसऱ्याने हळूच, पण मला ऐकू जाईल असं — "आणि दोन पक्षही."

अंगाची लाही लाही झाली. लिफ्टमध्ये शिरले आणि बटण न दाबताच उभी राहिले. किती वेळ कोण जाणे.


१४ ऑक्टोबर, गुरुवार

नवरा काल सकाळी गेला तो आज सकाळी उगवला. खात्यातले दोघं आजारपणाच्या रजेवर गेलेत — खरे आजारी की फोनला कंटाळून, देव जाणे. वाढीव बंद झाल्यापासून रोजची सगळी घडी विस्कटते, ती त्यांनाच बसवावी लागते. हा पायलट उचल, तिकडे टाक. तो उशिरा उतरला, त्याची झोप मोज, मग त्याला पुढे ढकल. म्हणजे दिवसभर आमची झोप मोजत बसायचं. प्रवासी शिव्या घालतात ते तिकीट खिडकीला, तिकीट खिडकी शिव्या घालते ती यांना, आणि आमचे पायलटही फोनवर काही फुलं उधळत नाहीत.

मी म्हटलं, "तू पण नाही म्हण ना. डबल पाळी करणार नाही म्हणावं."

तो मोजे काढत होता. एक काढला, एक तसाच. म्हणाला, "तुम्हाला नाही म्हणता येतं कारण तुम्हाला विचारावं लागतं. मला कुणी विचारत नाही. मुकादम सांगतो, थांब. मी थांबतो."

मुकादम म्हणजे त्यांचा खातेप्रमुख. नाव त्याला यानेच ठेवलंय.

मी म्हटलं, "हा करार होऊ दे एकदा, सगळं सुरळीत होईल." तो "हं" म्हणाला. मग मी त्याला अध्यक्षांचं सांगायला लागले, आणि बघते तर हा बसल्या बसल्या झोपलेला! एका पायात मोजा. राग आला मला. मी इतकं जिवाचं सांगतेय आणि हा घोरतोय.


१५ ऑक्टोबर

सासूबाई म्हणतात, "एक फोन करतो, एक नाही म्हणते, आणि रात्री दोघं एकाच पांघरुणाखाली. कंपनीला हे ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे, आई. फारच ठाऊक आहे.


१७ ऑक्टोबर, रविवार

नको होतं तेच झालं.

परगावच्या विमानतळावर अडकले. वादळ. दुपारी सुटायचं ते संध्याकाळ झाली तरी जागेवर. आकाश मोकळं झालं तेव्हा माझी वेळ संपत आली होती. वाढीव दिली असती तर सगळे घरी पोचले असते. आणि वादळ हे खरंच अचानक आलेलं. आणि मी ताजीतवानी! आदल्या रात्री आठ तास झोपले होते, महिन्यातून एकदा होतं तसं.

फोन वाजला. खात्यातले सगळे फोन रेकॉर्ड होतात. म्हणून फोनवर तो मला तुम्ही म्हणतो आणि मी त्याला सर.

"नमस्कार कॅप्टन. वाढीव मिळेल का?"

"नाही सर."

"तुम्ही फिट नाही आहात का?"

काय सांगू? फिट होते की! म्हटलं, "संघटनेचा ठराव आहे सर. वाढीव बंद."

त्याच्या मागे आणखी दोन फोन खणखणत होते, कुणीतरी ओरडत होतं. मग तो म्हणाला, "ठीक आहे कॅप्टन. विश्रांती घ्या." आवाज असा आला, जसा विहिरीतून येतो. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

प्रवाशांना मीच जाऊन सांगितलं. माइकवरून सांगून सटकायला पटलं नाही. एक बाई म्हणाली, "माझ्या बहिणीचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तिने माझा हात धरून आत जायचं ठरवलंय." मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तुमचं सॉरी तिच्या हातात देऊ का?"

तिचं बरोबर. माझंही बरोबर. मी आज एकदा दिली असती की उद्या दुसऱ्याने दिली असती, आणि आठवड्यात सगळं मूळपदावर. मला माहीत आहे ते. हॉटेलात येऊन मऊ गादीवर पडले. मला लढून मिळालेली विश्रांती! डोळ्याला डोळा नाही.


१८ ऑक्टोबर

घरी आले. त्याने विषयच काढला नाही. चहा केला, साखर घातल्याचं विसरला, पुन्हा घातली, मग पुन्हा घातली. पाक झाला होता. मी तसाच प्याले.

शेवटी मीच विचारलं. तर म्हणे फोन ठेवल्यावर मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "घरची बायको पटवता येत नाही, तू तीनशे पायलट काय पटवणार?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, साहेब, ती मला पटली होती, मी तिला नव्हतं पटवलं."

इतकी हसले! आणि हसता हसता रडायलाच लागले. तो गोंधळला. पाठीवर थोपटत राहिला आणि थोपटता थोपटता त्याचा हात थांबला. बघते तर डोळे मिटलेले.

या मुकादमाला मी सोडणार नाही. इथे लिहून ठेवते.


२० ऑक्टोबर, बुधवार

संघटनेत कुजबुज वाढली आहे. निम्म्यांना पगारवाढ घेऊन मोकळं व्हायचंय. अध्यक्ष म्हणाले, "सोमवारची फेरी शेवटची. त्यांच्यापुढे ठेवायला ठोस काही असेल तर आणा. नाहीतर मी सही करून मोकळा होतो."

ठोस कुठून आणू? झोप न झाल्याचं काय दाखवणार? काही होत नाही तोवर काही झालेलंच नसतं.


२२ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉटेलातून लिहितेय.

ढापण्याचा फोन आला. नीट बोलताच येत नव्हतं त्याला. आज सकाळी विमान धावपट्टीकडे नेत होता. धावपट्टीच्या अलीकडे एक रेषा असते, परवानगी मिळेपर्यंत तिथे थांबायचं. परवानगी नव्हती. हा गेला पुढे! शेजारच्या कॅप्टनने ब्रेकवर पाय मारला म्हणून. समोर दुसरं विमान उतरत होतं. ते डोक्यावरून परत वर गेलं.

कुणाला खरचटलं नाही. कुणालाही नाही. दहा वेळा लिहावंसं वाटतंय.

"मॅडम, मला रेषा दिसत होती," तो म्हणाला. "दिसत होती, पण ती थांबायची रेषा आहे हे आठवलंच नाही."

मग सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. काल त्याचं विमान तीन तास उशिरा उतरलं. त्याची झोप मात्र ठरलेल्या वेळेपासूनच मोजली! म्हणजे तो हवेत होता ते तीन तास कागदावर झोपला होता. आणि पहाटेच्या ड्यूटीवर बोलावलं.

मी ओरडले, "अरे, तू स्वतः नाही का मोजलंस?"

"मोजायला डोकं जागं असावं लागतं ना मॅडम!"

त्याच्याबरोबरचा कॅप्टन सुट्टीवरून ताजा आलेला. चूक त्याची काडीची नाही, उलट त्याच्यामुळे सगळे वाचले. तरी जबाब त्याने आपल्या नावावर दिला — विमान माझं, चूक माझी. आमच्यात असंच असतं. डावीकडच्या खुर्चीवर जो बसतो तो सगळ्याला उत्तर देतो. को-पायलट चुकला, इंजिन चुकलं, ढग चुकला तरी. याच एका गोष्टीचा मला या नोकरीत खरा अभिमान आहे.

मग ड्यूटी खात्याच्या डावीकडच्या खुर्चीवर कोण बसतं? मुकादम! तोच माणसांना दामटतो, तोच थांब म्हणतो. आता सापडला.

अध्यक्षांना कळवलं. ते नुसते "अरे देवा" म्हणाले. आणि मग, "सोमवारी तुम्ही बोला. आता कुणी सहीचं नाव काढणार नाही."


२३ ऑक्टोबर, शनिवार

घरी. नवरा दुपारपर्यंत झोपलेला. उठल्यावर पहिलं वाक्य — "तुमचा तो चष्मेवाला बरा आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"खात्यात कळतंच की. बरा आहे ना?"

"आहे. घाबरलाय. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय."

"उडवू देतील ना परत?"

"देतील. त्याची चूकच नव्हती."

तो "हं" म्हणाला. गुणी आहे हा. एवढ्या धबडग्यात पोराची आठवण ठेवली.

जेवताना मी सोमवारचं भाषण वाचून दाखवलं. सासूबाई समोर, नवरा शेजारी. शेवट असा केलाय — "ज्याने ही ड्यूटी लावली, त्याला माणसाच्या झोपेची किंमत ठाऊक नाही. अशा माणसाला एक दिवसही त्या जागेवर बसू देऊ नका."

सासूबाई म्हणाल्या, "बाई गं! अगदी घाम फुटेल त्यांना."

मी याच्याकडे बघितलं. तो ताटात बघत होता.

"कसं वाटलं?"

"वाक्य चांगलं आहे," म्हणाला.

"जास्त कडक नाही ना?"

"नाही. तसंच ठेव. मऊ केलंस तर ते पुन्हा पुढच्या वर्षी अभ्यास करतील."

मला इतकं बरं वाटलं! खात्यात राहूनही हा आमच्या बाजूचा आहे. मुकादमाचं नाव घालू का विचारलं, तर म्हणाला, "नाव नको. नावं घालायचं काम त्यांचं." तेही पटलं. नंतर तो ताट उचलून आत गेला. अर्धं जेवण तसंच होतं.


२४ ऑक्टोबर

भाषण पाठ. आरशासमोर दोनदा. आरसा गप्प.


२५ ऑक्टोबर, सोमवार

जिंकलो!!

लिहायलाही सुचत नाहीये. क्रमाने लिहिते.

गोडबोल्याने पाणी पुढे सरकवलं. मी प्याले नाही. उभी राहिले आणि सांगायला लागले. बसून बोलायचं ठरलं होतं, पण बसवेना. ढापण्याचं सांगितलं. हवेतले तीन तास कागदावर झोप म्हणून कसे लिहिले गेले ते सांगितलं. ती रेषा. समोरचं विमान. त्यात माणसं होती, आणि आपल्या विमानातही होती. शेवटचं वाक्य म्हटलं तेव्हा माझाच आवाज फाटला.

गोडबोल्या पेनाचं टोपण लावत काढत बसला. मग बाहेर गेला, फोनवर कुणाकुणाशी बोलला. आम्ही थांबलो. अध्यक्ष नखं खात होते — एवढा मोठा माणूस!

परत आला. विश्रांती खोलीच्या दारापासून — मान्य. पहाटेच्या ड्यूट्या सलग दोनच — मान्य. वाढीव फक्त खऱ्या अडचणीला, आणि नाही म्हणणाऱ्यावर डूख धरायचा नाही — मान्य. पगारवाढ होतीच.

उठता उठता गोडबोल्या मला म्हणाला, "आणि तुमची ती शेवटची मागणी? जबाबदार माणसावर कारवाईची? ती लेखी हवी की तोंडी चालेल?" त्याच गोड आवाजात. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या हो आता, झालं ते झालं." पण माझ्या डोळ्यांपुढे मुकादम. मी म्हटलं, "लेखी हवी. करारातच घाला."

घातली. माझ्यासमोर टाइप केली. गोडबोल्याने विचारलं, "वाचून बघता?" मी वाचलं. "बरोबर," म्हटलं.

खाली सगळे जमले होते. ढापण्याने मिठीच मारली, चष्मा माझ्या खांद्यावर दाबून वाकडा झाला. ज्याने दोन पक्ष म्हटलं होतं त्याने येऊन हात मिळवला. मीही मिळवला. आज कुणावर राग नाही.

नवऱ्याला खात्यात फोन लावला. तो ड्यूटीवर. रेकॉर्ड होतं म्हणून सरच म्हटलं — "सर, करार झाला."

"अभिनंदन कॅप्टन," म्हणाला. मग, "सगळं मान्य?"

"सगळं. शेवटचं वाक्यसुद्धा."

"बरं झालं. आता झोपा."


२६ ऑक्टोबर

बारा तास झोपले. स्वप्नसुद्धा नाही.


२७ ऑक्टोबर, बुधवार

नवरा आज सकाळी नऊलाच घरी आला. हातात त्याचा खात्यातला कप आणि पाठ टेकायची उशी.

ढापण्याची ती ड्यूटी त्याने लावली होती. सलग दुसरी पाळी, घरी न येता. उशिरा उतरलेल्या विमानाची वेळ बदलायची राहून गेली. नोकरीवरून काढल्याचं पत्र मुकादमाने दिलं — "मी काही करू शकत नाही, पायलट संघटनेचीच लेखी मागणी आहे."

"शनिवारी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर सोमवारी तू बोलली नसतीस."

एवढं म्हणून पडला आणि झोपला. कपडे न बदलता.

आत्ता सासूबाई दारात येऊन बघून गेल्या. इतका गाढ झोपलेला कधी बघितला नाही म्हणाल्या. मला विचारलं, "आज सुट्टी कशी काय मिळाली गं त्याला?"

म्हटलं, "मी मिळवून दिली, आई."